आर्वीचं पार्सल

कार्तिक लागला की वर्ध्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात. कारंज्याकडून, आर्वीकडून ट्रक भरून माल येतो, रस्त्यावर साली पडतात आणि जेवणं झाली की घरातली माणसं ओसरीत फोडी सोलत बसतात. सून मलाही देते. फोड गोड असते, नाही असं नाही. पण माझ्या नाकात आधी शिरतो तो सालीचा उग्र वास, त्याच्यामागून ओल्या बारदान्याचा आणि शेवटी सायकलच्या वंगणाचा. हे तीन वास एकत्र आले की मी पुन्हा एकोणीस वर्षांचा होतो, आर्वीच्या स्टेशनावर मालाच्या सायकलचं हँडल धरून उभा राहतो आणि मला सपाटून राग येतो. डॉक्टर म्हणतात, या वयात राग सोडा. साखर सोडली, मीठ सोडलं. आता राहिलंय काय माझ्याजवळ?

परवा कुरिअरवाला आला. पाठीवर ही भली मोठी पिशवी, मोटारसायकल चालूच ठेवलेली. नातवाचे बूट होते. त्याने पुडकं माझ्या हातात ठेवलं, माझं बोट त्याच्या बोटाला लागलं, आणि तो माझ्याकडे न बघता फोनवर काहीतरी दाबत निघूनही गेला. मी पुडकं धरून दारात तसाच उभा. सून आतून म्हणाली, “बाबा, दार लावा, डास येतात.” तिला काय सांगू? सांगायला गेलो की पोरं म्हणतात, झालं गेलं सोडा ना आता. ज्यांनी काही धरलेलंच नसतं त्यांना सोडा म्हणायला काय जातं?

पुलगावहून आर्वीला तेव्हा छोटी गाडी यायची. अरुंद रूळ, वाफेचं इंजिन, मागे मोजके डबे. विरुळ, रोहणा अशी एकेक स्टेशनं घेत, कापसाच्या वावरांमधून ती रमतगमत चालायची. इतकी सावकाश की बांधावरून पळत आलेला माणूस तिला गाठायचा आणि दारातला कोणीतरी हात देऊन त्याला वर ओढायचा. अर्थात माणूस कोण आहे ते बघून. आम्ही आपले स्टेशनावरूनच चढायचो.

माझे वडील, सखाराम, उभ्या जन्मात एकदाच मुंबईला गेले होते, गिरणीतल्या चुलत भावाकडे. तिथलं त्यांना काय आवडलं असेल, तर ट्राम. समुद्राविषयी विचारलं तर म्हणायचे, पाणी आहे खूप. पण ट्रामचा विषय निघाला की त्यांची कळी खुलायची. आपली छोटी गाडी म्हणजे ट्रामच, फक्त वावरातून जाते, असं ते स्टेशनावरच्या हमालांनाही ऐकवायचे. ट्राममध्ये माणसं एकमेकांना घासून बसली होती आणि कंडक्टरने तिकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं होतं. फेकलं नव्हतं, ठेवलं होतं. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली की माय वैतागून म्हणायची, लोक मुंबईहून लुगडं आणतात, या माणसाने तिकीट आणलं.

छोट्या गाडीने आलेली पार्सलं गावात घरोघर पोचवण्याचं काम वामनराव नावाच्या एका एजंटाकडे होतं. त्यांच्या दोन मालाच्या सायकली होत्या. जाड नळ्या, पुढे लोखंडी चौकटीत बसवलेली वेताची मोठी टोपली, मागे फळी. एक वडील चालवायचे, दुसरी मी. सायकली येण्याआधी वडिलांनी तेच काम डोक्यावरून केलं होतं, त्यामुळे सायकल म्हणजे त्यांना बढतीच वाटायची. सकाळी गाडीची शिट्टी झाली की आम्ही पार्सलच्या खिडकीशी हजर. नागपूरची लुगडी, जिनिंगच्या यंत्रांचे पट्टे, शाळेचे खडू, चष्मे, औषधं, लग्नपत्रिकांचे गठ्ठे. परत स्टेशनाकडे जाताना टोपलीत संत्र्यांच्या करंड्या. वडिलांच्या कुडत्याला कार्तिकापासून पौषापर्यंत संत्र्याचा वास यायचा, आणि मला तेव्हा तो आवडायचा.

पार्सल द्यायची रीत अशी होती. दारासमोर रस्त्यातच थांबायचं. “सामान आलं जी” अशी हाक घालायची. ओट्याच्या खाली एक दगड असायचा, त्यावर पार्सल ठेवून मागे सरायचं. मग घरातून कोणी बाई तांब्या घेऊन यायची, पार्सलवर पाणी ओतायची, ते निथळू द्यायची आणि मग उचलायची. सहीचा कागदही दगडावरच ठेवायचा. त्याच्यावर मात्र पाणी पडायचं नाही, कारण तो परत आम्हालाच न्यायचा असायचा.

आता पाण्याने कागद भिजतो, कापडाचा रंग जातो, खडूचा चिखल होतो. माणसाला हात लावला तर काय होतं, ते मला कोणी अजून सांगितलेलं नाही. पण आर्वीने त्यावरही तोड काढली होती. इथले व्यापारी नागपूरला कळवून ठेवायचे की आमचा माल मेणकापडात बांधा. नागपूरच्या पेढीवर समज झाला होता की आर्वीला बारमाही पाऊस पडतो. मेणकापडाची किंमत गिऱ्हाइकावर चढायची आणि गिऱ्हाईक ती हूं की चूं न करता द्यायचं. एरवी संत्र्याच्या करंडीमागे आण्यासाठी घसा फोडणारी ही माणसं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो. माय, वडील, मी, आणि आमच्या वस्तीतली बहुतेक सगळी घरं. पांढरे कपडे धुऊन, नीळ देऊन ठेवले होते. त्या मैदानाविषयी मी फार लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळणार नाही. परतीच्या छोट्या गाडीत वडील खिडकीशी बसून होते. एवढी माणसं एका आवाजात बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती, आणि तो आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर त्यांनी सायकल फडक्याने पुसली आणि मला म्हणाले, “आजपासून पार्सल हातात द्याचं. दगडावर ठेवाचं नाई.”

“अन् नाई घेतलं त?”

“त वापस आनाचं.”

एवढंच. भाषण नाही, घोषणा नाही. देवांच्या तसबिरी घरातून उतरवल्या तेव्हाही ते असेच दोन वाक्यं बोलले होते.

मग सुरू झाला तो कार्तिक. एका शिंप्याने हसत हसत हातात घेतलं. बाहेरगावहून बदलून आलेल्या एका मास्तरांनी घेतलं, वर बसा म्हणाले. बाकी गावाने तांब्या घेऊन दगडाकडे बघायचं, वडिलांनी पार्सल पुढे धरून माणसाकडे बघायचं, आणि मग कोणीतरी आतून ओरडायचं की जाऊ दे, माजलेत. पार्सलं परत यायला लागली. लोक गडी पाठवून खिडकीवरून माल नेऊ लागले. वामनराव हा माणूस तसा वाईट नव्हता. धंद्यापुरता चांगला होता. त्यांनी वडिलांना समजावलं की सख्या, धर्म घरी ठेव आणि माल दगडावर ठेव. शेवटी त्यांनी बजावलं की हा महिना बघतो, नाहीतर सायकली जमा कर. त्या सायकलींवर आमचं घर चालत होतं. माय ज्वारी मोजून काढायला लागली.

त्याच सुमाराला आमचं राज्यही बदललं. मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो म्हणे. अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झालेला होता. आर्वीतले दगड आपापल्या जागी होते.

आणि मार्गशीर्ष लागता लागता दिल्लीहून ती बातमी आली. कोणाची ते लिहायला नको. छोट्या गाडीच्या गार्डाने ती पार्सलच्या खिडकीशी सांगितली. वडील प्लॅटफॉर्मवर खाली बसले. वस्तीत चुली पेटल्या नाहीत. आमच्यातलं माणूस गेलं की गावाला सांगावा आम्हीच द्यायचो, आणि गावातलं गेलं तरी आम्हीच. त्या दिवशी आम्हाला सांगायला कोणी आलं नाही. दोन दिवसांनी वडील पुन्हा सायकल घेऊन उभे राहिले आणि मला वाटलं, आता हा माणूस मोडेल. उलट ते जास्तच ताठ झाले.

त्यांचा सगळा भरवसा एका माणसावर होता. भाऊसाहेब. गावातलं मोठं प्रस्थ. अंगावर पांढरीशुभ्र खादी, घरी चरखा, आणि सभेत ‘हरिजन बंधू’ म्हणताना गळा दाटून यायचा. आमच्या वस्तीत झाडू घेऊन एकदा फोटो काढून गेले होते. वडिलांचा हिशेब साधा होता. भाऊसाहेबांनी भर रस्त्यात पार्सल हातात घेतलं की उरलेलं गाव मुकाट घेईल, आणि सायकली राहतील. मी म्हणायचो, बाबा, बोलाचीच कढी आहे ती. ते म्हणायचे, मानूस बोलते त काही मनात असंलच ना.

महिना संपत आलेला असताना भाऊसाहेबांचं पार्सल आलं. त्यांचा नातू आजारी होता. छाती भरली होती, ताप उतरत नव्हता. नागपूरच्या एका डॉक्टरने औषधाच्या पुड्या घाईघाईने पाठवल्या होत्या. कागदाचं पुडकं, वर सुतळी. बिचाऱ्या डॉक्टरला आर्वीची रीत कुठून ठाऊक असणार? मेणकापड नव्हतं.

दारात त्यांच्या आत्याबाई आल्या, हातात तांब्या. भाऊसाहेब ओसरीत झोपाळ्यावर बसले होते. आतून पोराचा खोकला येत होता, कुत्रं भुंकावं तसा कोरडा. वडिलांनी पुडकं दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि सांगितलं की दवा आहे, मेणकापड नाही, हातात घ्या. आत्याबाईंनी दगडाकडे बोट केलं. वडिलांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते झोपाळ्यावरून उठले, ओट्याच्या कडेपर्यंत आले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सखाराम, मी तुझ्याच बाजूचा आहे. पण घरात वडीलधारी माणसं आहेत. आजच्या दिवस ठेव.”

आत पोरगं पुन्हा खोकलं. मला वाटलं वडील पाठ फिरवतील. मी तर सायकल वळवलीही होती. त्यांनी पुढे होऊन पुडकं दगडावर ठेवलं. “दवा आहे जी,” ते आत्याबाईंना म्हणाले, “पानी टाकू नोका.”

आत्याबाईंनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. त्यांच्या मनात पोराचं वाईट करायचं नव्हतं. पण जन्मभर त्या दगडावर काही दिसलं की त्यांचा हात वाकायचा, तसा तो वाकला. तांब्या अर्धा रिकामा झाल्यावर त्या थांबल्या. कागदातून पांढरं पाणी दगडावरून ओघळायला लागलं.

मग आरडाओरडा. गल्ली जमा झाली, वामनराव धावत आले. आत्याबाई म्हणाल्या, यानेच भिजवून आणलं. आपल्या हाताने नातवाचं औषध ओतून टाकलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार? वामनरावांनी भाऊसाहेबांना विचारलं, तुम्ही इथेच होतात, पार्सल आलं तेव्हा कोरडं होतं की ओलं? भाऊसाहेबांनी खादीच्या उपरण्याने चष्मा पुसला. इतक्या सावकाश पुसला की मला अजून ते उपरणं दिसतं. “माझं लक्ष नव्हतं, वामनराव,” ते म्हणाले. “तुमचा माणूस, तुम्ही बघा.”

सायकली तिथल्या तिथे जमा झाल्या. आम्ही पायी घरी आलो.

पण दुपार व्हायच्या आतच आमच्या वस्तीच्या तोंडाशी वामनराव दिसले, स्वतः सायकल ढकलत. आयुष्यात प्रथमच तिकडे आले असतील. मागे त्यांचा गडी दुसरी सायकल घेऊन. गावातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की तेच औषध पुलगावच्या दवाखान्यात मिळेल, पण आजच्या आज हवं. छोटी गाडी निघून गेलेली, मोटार मिळत नव्हती. एवढं अंतर मारून दिवेलागणीपर्यंत परत येईल असा सायकलवाला गावात एकच होता. त्यांनी चिठ्ठी काढली, वडिलांच्या हाताकडे पाहिलं, आणि सायकलच्या सीटवर ठेवली.

मी वडिलांना म्हणालो, “काऊन जाता बाबा? त्यायनं आळ घेतला तुमच्यावर.”

“लेकरानं घेतला का?” ते म्हणाले आणि टांग टाकली.

मी शिव्या घालत दुसरी सायकल घेतली आणि मागे लागलो.

त्या रस्त्याचं मला सगळं आठवतं. एका बाजूला छोट्या गाडीचे रूळ, दुसरीकडे कापूस. वेचणीला आलेल्या बायांच्या कमरेच्या ओट्या कापसाने फुगलेल्या. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतली धूळ गुडघ्यापर्यंत उडत होती. रोहण्याजवळ संत्र्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि एका गाडीवानाने, ओळख ना देख, दोन संत्री आमच्याकडे भिरकावली. वडिलांनी आपलं झेललं, मला दिलं. थंडीचं ऊन अंगाला बरं वाटत होतं, म्हणून मला जास्तच चीड येत होती. जगात काही घडलंच नाही असा तो दिवस छान होता. पुलगावच्या दवाखान्यात कंपाउंडरने औषध वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते कुडत्याच्या आत, पोटाशी बांधलं.

परत आलो तेव्हा कंदील लागले होते. वडील घामाने भिजलेले, पण औषध कोरडं. रस्त्यात उभं राहून त्यांनी हाक दिली, “सामान आलं जी.” आत्याबाई आल्या. हातात तांब्या! त्याशिवाय त्यांना दारात येताच येत नसावं. भाऊसाहेब मागून म्हणाले की ठेव बाबा, ठेव लवकर, वेळ नको घालवू.

“ठेवत नाई जी,” वडील म्हणाले. “सकाळी ठेवलं होतं.”

आत्याबाईंनी पुन्हा दगडाकडे बोट केलं. मग आत्याबाईंच्या खांद्यावरून, त्यांना जवळजवळ ढकलून, पोराची आई बाहेर आली. भाऊसाहेबांची सून. कुसुम म्हणत तिला. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. ओट्याच्या पायऱ्या उतरून ती रस्त्यावर आली, अनवाणी. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, “द्या दादा.” वडिलांनी औषध तिच्या हातात ठेवलं. तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली. तिने ती मागे घेतली नाहीत. सगळी गल्ली बघत होती.

पोरगं वाचलं. भाऊसाहेबांनी पूजा घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनरावांनी सायकली नेल्या त्या कायमच्या. भिजलेल्या पार्सलची बोंब गावभर झाली होती आणि ती खोटी म्हणायला कोणी तयार नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो. वडील जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायला लागले. मी पुढे पोस्टात लागलो आणि जन्मभर लोकांचं टपाल हाताळलं. भाऊसाहेब मात्र नंतर कित्येक वर्षं सभांमध्ये ती गोष्ट सांगत राहिले: माझ्या सुनेने भर रस्त्यात हरिजन बंधूच्या हातून औषध घेतलं. टाळ्या पडायच्या. एका सभेत मी स्वतः मागे उभा राहून ऐकली.

ते गोष्ट तिथेच संपवायचे. पण आम्ही त्या संध्याकाळी लगेच निघालो नव्हतो. माझ्या सायकलची साखळी उतरली होती, ती बसवायला आम्ही त्यांच्या वाड्याच्या मागच्या बाजूला, भिंतीशी थांबलो. आत विहिरीचा रहाट करकरला. मग आत्याबाईंचा आवाज आला, की लुगड्यासकट घे, डोक्यावरून घे, त्याशिवाय पोराला हात लावायचा नाही. पाणी पडलं. पुन्हा रहाट. पुन्हा पाणी. मार्गशीर्षातली थंडी, अंगातून जाणारी. आणि पोरगं आत खोकतच होतं, औषध अजून त्याच्या पोटात गेलेलं नव्हतं. कुसुमचे दात वाजत होते, ते भिंतीपलीकडून ऐकू येत होते.

माझी साखळी बसली होती, पण वडील निघेनात. त्यांनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला, जसा काही तो दुसऱ्याचा असावा.

“माह्या हातापायी,” ते म्हणाले, “त्या पोरीले भोगा लागलं.”

इतकी वर्षं त्या गावाने पाणी ओतलं, पण वडिलांना आपला हात कधी वाईट वाटला नव्हता. त्या संध्याकाळी वाटला. पुढे ते कोणालाही काही द्यायचे तेव्हा आधी खाली ठेवायचे, मग मागे सरायचे. घरातसुद्धा, मलासुद्धा. मी कितीदा हात पुढे करून उभा राहिलो, पण त्यांनी हातात कधी दिलं नाही.